पाहणीपुरते आणलेले संगणक

मॅडम, माझं शिक्षण सातवीपर्यंतच, चुका होतील. तुम्हाला देवाघरी जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हाला लिहायचं म्हटलं की हात कचरतो. तुमच्या कॉलेजात संगणकाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे, म्हणजे शिपायाकडे असायची. आत चारच संगणक, त्यातले दोन बंद. चपला बाहेर काढायच्या, धुळीच्या भीतीने खिडक्या लावलेल्या, दसऱ्याला संगणकाच्या पडद्यावर झेंडूची माळ. कोणी काही दाबलं आणि बिघडलं तर, ही मला सारखी धास्ती. मुलं दाराशी आली की मी ओरडायचो, "हात मागे!" तुम्ही म्हणायचात, "मामा, हात मागे ठेवून कोणी शिकलंय का?" मग तुम्ही पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून मुलांना वाटलेत. माझी मुलगी त्याच वर्गात होती. मोहने गावातल्या आमच्या घरी, तिची आई भाकऱ्या थापत असताना, ती बाजूला बसून पुठ्ठ्यावर बोटं आपटायची. आई म्हणायची, "अगं, याच्यापेक्षा परात वाजव, आवाज तरी येईल."

दरवर्षी तुम्ही संस्थेकडे नवे संगणक मागायचात. सेक्रेटरी म्हणायचे, "आधी कमान होऊ द्या, मॅडम." कमान झाली, मग स्टेज झालं. विद्यापीठाची समिती येणार असं कळलं, तेव्हा मात्र नौपाड्यातल्या एका खाजगी क्लासचे संगणक टेम्पोत घालून आणले. खड्डा आला की मी त्यांना कवेत धरायचो.

समितीचे साहेब खोलीत फिरतायत. "वा, भरपूर आहेत की," म्हणतात. सेक्रेटरी हसतायत. आणि तुम्ही शांतपणे म्हणता, "साहेब, हे उद्या परत जाणार आहेत. आमचे फक्त ते कोपऱ्यातले."

"मॅडमना चेष्टेची सवय आहे," सेक्रेटरी म्हणतात.

"मामांना विचारा. तेच टेम्पोत होते."

सगळे माझ्याकडे बघतात. नोकरी जाईल, मुलीचं काय होईल, सगळं एकदम डोक्यात येतं. पण तुमच्यासमोर खोटं कसं बोलू? मी मान हलवतो.

अभ्यासक्रमाची मान्यता गेली. ज्यांना मुंबईत जागा मिळाल्या ती मुलं गेली. माझ्या मुलीला मिळाली नाही. तिचं शिक्षण तिथेच थांबलं, पुढे ती आंबिवलीला साडीच्या दुकानात लागली. संस्थेने तुम्हालाही काढलं. कमानीवर मात्र दर दिवाळीला रोषणाई होत राहिली. नोकरी गेल्यावर तुम्ही आमच्याकडे आलात, ओट्यापाशी पाटावर बसलात. "मामा, रागावलात का माझ्यावर?" मी म्हणालो, "छे हो, चहा घ्या." तुम्ही मुलीच्या पाठीवरून हात फिरवलात आणि कप तसाच ठेवून उठलात.

मुलगी आता स्वतः आजी झाली आहे. ती म्हणते, "बाबा, मॅडमनी बरोबरच केलं. नाहीतर आमच्यानंतरची पोरंही फसली असती." मला पटतं. हे तुमच्या घरी नेऊन द्यावं असंही एकदा वाटलं, पण तुमच्या माणसांनी का वाचावं? माझ्यापाशीच राहू दे. त्या दिवशी मी 'छे' म्हणालो, ते खरं नव्हतं, मॅडम. राग आला होता. अजूनही आहे, थोडा.