केळफुलाची घडी पुन्हा घालून मिळणेबाबत

प्रति,
मा. सचिव,
जिल्हा कला व विज्ञान प्रदर्शन समिती,
धारवाड.

अर्जदार : सदाशिव गोपाळ कुरुंदवाडकर, निवृत्त गणित शिक्षक, मालमड्डी, धारवाड.
दिनांक : ११ जुलै १९९४

विषय : समितीने उघडलेले कागदी केळफूल पूर्ववत मिटवून मिळणेबाबत, व त्यासाठी श्री. वादिराज यांना एक दुपार माझ्या घरी पाठविणेबाबत.

संदर्भ : (१) माझा तक्रार अर्ज. (२) त्यावरील आपले उत्तर, 'कागदाच्या क्षेत्रफळात घट नाही, सबब तक्रार निकाली.'

महोदय,

१. माझी पत्नी सौ. इंदुमती हिने गेल्या डिसेंबरात आपल्या प्रदर्शनासाठी एक केळफूल दिले होते. ते एकाच चौकोनी कागदाचे होते. त्याला कात्री लावलेली नव्हती की डिंक. देठ ओढला की एकेक पाकळी उघडे, देठ सोडला की सगळे आपोआप मिटे. अशा घडीकामाला ओरिगामी म्हणतात, हे तिला एका जपानी चित्रपुस्तकातून फार पुढे कळले. त्याआधी तिचे वडील कै. दत्तात्रेय अप्पा यांच्या कमरीपेठेतल्या मसाल्याच्या दुकानात पुड्या बांधून तिचा हात बसलेला होता. दोरा न बांधताही सुटणार नाही अशी पुडी, ही त्या दुकानाची खूण होती.

२. आपल्या कला विभागाने 'रंग नाही' म्हणून केळफूल विज्ञान विभागाकडे पाठविले. विज्ञान विभागाने 'तार नाही, बॅटरी नाही, तक्ता नाही' म्हणून ते परत कला विभागाकडे पाठविले. ही ये-जा प्रदर्शन संपेपर्यंत चालली. त्यानंतर, वस्तू आपोआप मिटते त्याअर्थी आत स्प्रिंग असली पाहिजे, असा संशय येऊन ती पूर्ण उघडून पाहण्यात आली. स्प्रिंग आढळली नाही. मग तो कागद रजिस्टरांखाली दाबून सपाट करण्यात आला, फाइलीसाठी त्याला दोन भोके पाडण्यात आली, गोल शिक्का मारण्यात आला, आणि 'कोरा कागद, नग एक' अशा पोचेवर सही घेऊन तो मला परत देण्यात आला. मी कपाळाला हात लावला. सही मात्र केली.

३. क्षेत्रफळाबाबत आपले म्हणणे, दोन भोके सोडल्यास, बरोबर आहे. मी जन्मभर गणित शिकविले आहे, त्यामुळे ते नाकारता येत नाही. आपले उत्तर वाचून माझा पारा चढला होता, हेही नमूद करतो.

४. आता अडचण अशी की, केळफूल आपल्या ताब्यात असताना, संक्रांतीनंतर, पत्नीस अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. वाचा गेली. 'हूं' आणि 'अंहं' एवढेच उरले आहे. खिडकीतल्या फळीवर केळफुलाची जागा रिकामी आहे. ती रोज त्या जागेकडे बोट दाखविते आणि मग माझ्याकडे पाहते. मी रोज सांगतो, उद्या करतो. महोदय, ती माझ्यासमोर बसलेली असते आणि तरीही मला तिची आठवण येते. अर्जात असे लिहीत नाहीत हे मला ठाऊक आहे.

५. कागदावर सर्व घड्यांच्या रेषा अद्याप शाबूत आहेत. मी कोनमापक घेऊन बसलो. ज्या बिंदूपाशी रेषा मिळतात तेथील कोन एक सोडून एक मिळविले, तर बेरीज एकशे ऐंशी अंश यावयास हवी. सर्वत्र येते. कोणती घडी वर उठेल, कोणती आत जाईल, हेही मी पेन्सिलीने लिहून काढले. सर्व काही सिद्ध झाले, फक्त केळफूल झाले नाही. एकदा होडीसारखे काहीतरी झाले. पत्नी 'अंहं' म्हणाली. एकदा काय झाले ते मलाही सांगता येत नाही. त्यावर ती हसली, आणि झटक्यानंतर प्रथमच हसली, म्हणून तो प्रयत्न वाया गेला असे मी धरीत नाही. रेषा कोठे आहेत हे गणिताला कळते. आधी कोणती घालायची, हे तिच्या हाताला ठाऊक होते. तिथे मात्र मी हात टेकले.

६. अशा स्थितीत माझ्या ध्यानात आले की, हा क्रम जगात आणखी एका इसमास ठाऊक आहे, उलट दिशेने का होईना. ज्याने ते उघडले त्यास. चौकशीअंती तो इसम म्हणजे आपल्याकडील साहाय्यक श्री. वादिराज असल्याचे कळले. कागद कोठेही फाटलेला नाही, त्याअर्थी माणूस हलक्या हाताचा आहे. त्यांची आता हुबळीच्या कचेरीत बदली झाली आहे. मी तेथे जाऊन त्यांना भेटलो. त्यांनी मला बसावयास खुर्ची दिली, सर्व ऐकून घेतले, आणि 'अदु नन्न केलस अल्ल, सर' असे सांगितले, म्हणजे ते त्यांचे काम नव्हे. उघडण्याचा हुकूम लेखी होता, मिटविण्याचाही लेखीच लागेल. हे मला पटले, म्हणून हा अर्ज.

७. असा हुकूम कोणत्या विभागाने काढावयाचा हे ठरण्यासाठी, वस्तू कला की विज्ञान, हा रकाना अर्जदाराने आधी भरावा, असे आपल्या कचेरीत मला सांगण्यात आले. मी तो रकाना पत्नीस वाचून दाखविला. कला म्हटल्यावर ती 'हूं' म्हणाली. विज्ञान म्हटल्यावरही 'हूं' म्हणाली. खात्री करण्यासाठी मी पुन्हा विचारले, तेव्हा तिने माझ्याकडे वर्गातल्या ढ मुलाकडे पाहावे तसे पाहिले. तिचे उत्तर आहे तसे कळवीत आहे.

८. तरी विनंती की, श्री. वादिराज यांना एक दुपार आमच्याकडे पाठवावे. ते आठवतील तसे करतील, पत्नी 'हूं' किंवा 'अंहं' सांगेल. मी मध्ये तोंड घालणार नाही, तसे लिहून देतो. कोनमापक कपाटात ठेवीन. चहा आणि चुरमुऱ्यांच्या गिरमिटाची सोय केली जाईल. हुकूम कला विभागाने काढला काय किंवा विज्ञान विभागाने, माझी हरकत नाही. ती फळीकडे बोट दाखवील तेव्हा तेथे काहीतरी असावे, एवढेच माझे मागणे आहे.

आपला नम्र आणि खिडकीपाशी बसलेला,
स. गो. कुरुंदवाडकर

सोबत : (१) या अर्जाची कन्नड प्रत. (२) आपल्या उत्तराची नक्कल. मूळ कागद जोडलेला नाही. कृपया मागू नये.

ता. क. : सही करून मी हा अर्ज पाकिटासाठी दुमडत होतो. पत्नी 'अंहं' म्हणाली, तिने तो माझ्या हातातून काढून घेतला, उजव्या कोपराखाली दाबून धरला आणि डाव्या हाताने त्याची पुडी बांधली. कमरीपेठेतली. बराच वेळ लागला. मी मध्ये बोललो नाही. ही ओळ लिहिण्यापुरती मी ती पुडी उघडली आहे, आणि ते तिला मुळीच आवडलेले नाही. आता तीच पुन्हा बांधील. आपण हे वाचत आहात, म्हणजे पुडी आपल्या कचेरीत कोणीतरी उघडली आहे. कृपया त्यांचे नाव आजच टिपून ठेवावे, आणि आमच्याकडे येऊन गेल्याखेरीज त्यांची बदली करू नये.