मांजराची थरथर

मंगळवार, ४ मार्च. दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

वेळ लिहून ठेवते. उद्या हेच लोक म्हणतील, असं काही झालंच नाही. चार वाजून दहा मिनिटांनी वर्गातल्या मोठ्या पडद्यावर आमच्या गेममधलं मांजर चालत आलं — आणि ते आमचं नव्हतं! इस्त्री केलेलं. रेघ अशी, की जाहिरातीतल्या बाईची भुवई.

"सरप्राइज!" गेम शिकवणारे सर म्हणाले. "तुमच्या ताईंच्या रेघा सॉफ्टवेअरमधून सरळ करून घेतल्या. छान दिसतंय ना? छान, छान!"

ताईला जाऊन महिनाही झालेला नाही. तिच्या हातचं या जगात हलतं असं तेवढंच उरलं होतं. मी पर्स उचलली आणि निघाले. एक शब्द बोलले नाही. माझ्या बाबतीत हे लक्षण बरं नव्हे.

बुधवार, ५ मार्च

निवृत्तांसाठी गेम बनवायचा वर्ग! खूळ ताईचंच. दोघींची नावं घालूनच घरी आली. "भांडायला तू हुशार. तू संगणकाशी भांड, मी चित्रं काढते."

संगणक म्हणजे आमच्या शाळेतल्या मदर सुपिरियर. एक स्वल्पविराम चुकला की कोपऱ्यात उभं राहा. पण काय मजा आली! पहिल्या आठवड्यात मी जमीन रंगवली, गवतसुद्धा लावलं, पण यावर उभं राहता येतं हे संगणकाला सांगायचं विसरले. मांजर जमिनीतून आरपार खाली. पडतंय ते पडतंयच. ताई हसून हसून डोळे पुसत होती. "अगं, धरा रे त्याला कुणीतरी!"

तिच्या हाताला कंप. गोळ्या घेऊनही पेन्सिल नाचायची. मांजर चालवायला एकच मांजर पुन्हा पुन्हा काढावं लागतं आणि चित्रं भराभर एकामागून एक दाखवावी लागतात. ताईचं एक चित्र दुसऱ्यासारखं येईल तर शपथ! पण पडद्यावर लावलं, आणि मांजर उभ्या उभ्या थरथरायला लागलं. मिशा, पाठ, शेपटीचं टोक — सगळं श्वास घेत होतं. वर्गातल्या बाकीच्यांचे हत्ती-घोडे बघा. पुठ्ठ्याचे!

आणि त्या माणसाने नेमकी तीच थरथर पुसली.

शुक्रवार, ७ मार्च

वर्ग भरतो त्या केंद्राच्या प्रमुख बाईंना लेखी तक्रार दिली. ननांनी घोटून घेतलेल्या अक्षरात. बाईंनी वाचली, हसल्या. "आजी, गेमच तर आहे हो."

आजी! मला नातवंडं नाहीत, आणि असती तरी त्यात ही नसती.

मागणी एकच — मूळ चित्रं परत द्या. शनिवारी, पंधरा तारखेला, वर्गातले सगळे गेम नेटवर जाणार. हे गुळगुळीत ध्यान ताईच्या नावाने जगभर फिरणार? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही.

सोमवार, १० मार्च

मूळ चित्रं मिळाली. सरांनी वेगळी जपून ठेवली होती. तेवढी अक्कल होती म्हणायची.

घरी लावली. मांजर उभं. थरथरतंय. पुढे न्यायला बटण दाबायचं असतं. नाही दाबलं. बघत बसले. चहा गार झाला.

बुधवार, १२ मार्च

सर घरी आले. त्यांनी चपला काढायच्या आत मी सुरू केलं. "माणूस गेल्यावर, न विचारता, त्याच्या चित्रांना हात—"

"विचारून केलं, मॅडम."

"कुणाला?"

"त्यांनाच. म्हणजे... त्यांनीच सांगितलं. दवाखान्यात भेटायला गेलो होतो तेव्हा. म्हणाल्या, रेघा तेवढ्या सरळ करून द्या. लोकांना आधी माझा आजार दिसेल, मग मांजर."

सरांनी अर्धवट काढलेली चप्पल परत पायात घातली.

"आणि म्हणाल्या, हिला सांगू नका. भांडेल. सरप्राइज म्हणा."

पाणीसुद्धा विचारलं नाही त्यांना. उंबऱ्यातच उभे होते बिचारे. शेवटी स्वतःहूनच दार ओढून घेऊन गेले.

आजार! रोज खुर्चीला खुर्ची लावून बसायचो आम्ही. मला मांजर दिसत होतं. फक्त मांजर! आणि तिला वाटत होतं, धाकटी बहीण मुकाट्याने चालवून घेतेय. मी? मुकाट्याने? साठ-पासष्ट वर्षांत इतकंच ओळखलं मला?

गुरुवार, १३ मार्च

ताई,

परस्पर ठरवलंस, याचा निषेध नोंदवते. दोन्ही मांजरं तयार आहेत. नेटवर एकच जाईल. कोणतं, ते शनिवारी, पंधरा तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. सरांकरवी पाठवलेला निरोप ग्राह्य धरला जाणार नाही. तुझ्या हातचं हवं. अक्षर कसंही येऊ दे.