ओलेत्यानं केलेली सही

सासूबाई,

पाया पडते. तुम्ही वन्संच्या बाळंतपणाला पुण्यात, ह्यांना घेऊन गेलात, आणि इथे तुमच्या नातवाच्या, सुमंतच्या मांडीच्या हाडात पोकळी निघाली. उद्या ऑपरेशन आहे.

पोकळीत भरायचा तुकडा, तो बनवणाऱ्या युनिवर्सिटीच्या सरांनी माझ्या हातावर ठेवला. पांढरा, अनारशासारखी जाळी पडलेला. मला वाटलं, कुणा मेलेल्याचं हाड! टाकला तिथेच आणि विटाळ फेडायला अस्पतालाच्या नळाखाली साडीसकट जाऊन बसले. सगळा वॉर्ड बघायला जमला.

सर म्हणाले, "अरे बहनजी, किसी की हड्डी नहीं, भट्ठी में पका पाउडर है. इन छेदों में बच्चे की अपनी हड्डी उग आएगी."

सुमंत खाटेवरून ओरडला, "आई, माझ्या पायात अनारसा घालणार!" आणि हसतच सुटला.

तो हसला म्हणून मी ऑपरेशनच्या संमतीचा कागद मागितला. मोठ्यांना न विचारता सही केली.

हे पत्र टाकणार नाही, तुम्ही तिकडे काळजीनं जेवायच्या नाहीत. सुमंत चालत स्टेशनवर तुम्हाला घ्यायला येईल, तेव्हाच सांगेन. रागावू नका. सही ओलेत्यानं केलीय, म्हणजे सोवळ्यातच झाली ना?

तुमची घाबरट सून,
इंदू