छाती फुगेना

५ मार्च १९९४
नापास! आमचा कृष्णात साताऱ्याच्या फौजेच्या भरतीतून हात हलवत परत आला. उंची बसली, धावणं बसलं. छाती फुगवून पाच सेंटीमीटर वाढायला हवी — याची वाढली दोन! सतरा वर्षं पलटणीत काढलेल्या माझ्यासारख्या हवालदाराचा पोरगा, आणि छातीत दम नाही? वडूजच्या बाजारात कुणी विचारलं तर काय सांगू?

१२ मार्च
कृष्णातसाहेबांना सकाळी अंथरुणातून उठायला तासभर लागतो. कंबर धरून बसतो. कामचोर म्हणालो. बायको मध्ये पडली — "आवं, पहाटं तीनपासनं जागा असतोय त्यो, दुखतंय म्हनून!" तिलाही झापलं.

१९ एप्रिल
हाडं बसवणाऱ्या केरबानं महिनाभर फळीवर पडून राहायला सांगितलं होतं. राहिला. आणखीच आखडला! आज चप्पल घालायला आईला हाक मारली. वीस वर्षांचा गडी. हा असाच वाकलेला राहिला तर?

२ मे, सांगली
कृष्णातला दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण पहिलाच प्रश्न असा — "पडून राहिल्यावर बरं वाटतं, का हिंडल्यावर?"
"हिंडल्यावर."
बाईंनी एक्स-रे खिडकीला धरला. मणक्याच्या सांध्यांचा संधिवात. कमरेखालच्या सांध्यांना सूज येते, ती वर चढते. बरगड्या मणक्याला जिथं जुळतात तेही सांधे धरतात. "मग छाती फुगणार कशी?"
म्हणजे दम होता! सांधे धरले होते. आणि मी पोराला काय काय बोललो.
समूळ जात नाही म्हणाल्या, पण वाकू द्यायचं नाही. जेवणानंतर गोळी, रोज व्यायाम, पोहणं. फळी बंद.

६ मे
पीटी सुरू! आधी गरम पाण्याची अंघोळ, मग अंगणात. हुकूम माझा — हात वर, श्वास आत, थांब, सोड! कृष्णात तोंडातल्या तोंडात शिव्या घालतो. घालू दे. दुपारी विहिरीत पोहणं.

११ मे
शिव्या मोठ्यानं घातल्या. आवाज सुधारला.

३० मे
भिंतीला पाठ लावून उभा राहिला — टाचा टेकल्या, कंबर टेकली, डोकंसुद्धा टेकलं!

१४ जुलै
टेप लावली. चार!! दोनाचे चार! तीनदा मोजलं. बायकोनं आळीभर साखर वाटली. फौजेत आता घेणार नाहीत, ठाऊक आहे. नाही तर नाही. कुपवाडच्या एका कारखान्यात काम मिळालंय, एक ऑगस्टपासून हजर.
"चुकलो रं," म्हणालो त्याला. जन्मात पहिल्यांदा.
"व्हय आबा, लय चुकला," म्हणाला आणि हसला. मला रडूच आलं.

२२ जुलै, सांगली
तिघंही दाखवायला गेलो. बाई खूश. म्हणाल्या, हे कधी कधी रक्तात चालतं, घरात आणखी कुणाला? मी म्हणालो, छे! बायको म्हणाली, "आवं, तुमी कवा मान वळवून मागं बगितलंय? हाक मारली की सगळा मानूसच वळतोय!"
वळवून पाहिली. वळेना. म्हणजे पोराला हे मीच दिलंय.
कृष्णातनं खांद्यावर हात ठेवला. "आबा, उद्या पहाटं पाचला पीटीला दोघंबी. हुकूम म्या देनार."