अळीच्या पोटातला निळा

आई, माझी लेक काल विचारत होती, "ममा, आजी मच्छरों से डरती थी क्या?" काय सांगू तिला? घाबरत नव्हतीस तू, तुझं त्यांच्याशी वैर होतं. माझ्या धाकट्या भावाला डेंग्यूनं नेलं, त्यानंतर सांगलीच्या घरात तू कुंडीखालच्या ताटलीतही पाणी राहू दिलं नाहीस. आणि मी इथं चंदीगडला येऊन संशोधनासाठी डासच पाळायला लागले. "ज्यांनी त्याला नेलं, त्यांना तू जेवायला घालतेस?" फोनवर एवढंच म्हणालीस. पुढं कितीतरी दिवस माझ्या कामाचं नावही काढलं नाहीस.

मग एका हिवाळ्यात माझ्याकडे राहायला आलीस. परत निघालेल्या मावशीला सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर सोडून आपण रिक्षानं परतत होतो. सेक्टर एकोणचाळीसला माझ्या संस्थेचं फाटक दिसलं, तशी तूच म्हणालीस, "थांबव. दाखव मला."

शालीत हात गुंडाळून तू मायक्रोस्कोपवर वाकली आहेस. काचेवर डासाची एकच अळी, आरपार दिसणारी. तिला मी रंग मिसळलेलं खाद्य दिलंय. तिचं पोट पुढं निळं, मागं पिवळं. मी सांगते, "निळं दिसतं तिथं चुन्याच्या निवळीसारखं जळजळीत आहे, पिवळं तिथं जवळपास साध्या पाण्यासारखं सौम्य. एकाच नळीत दोन्ही ती स्वतः सांभाळते. एक एन्झाइम तिला मदत करतं. ते अडवलं की निळा रंग उतरतो, खाल्लेलं नीट पचत नाही, ती वाढत नाही."

तू भिंगावरून डोळा हलवत नाहीस.

"म्हणजे पोटातूनच धरायचं तिला," म्हणतेस. आणि मग अगदी हळू, "शेवटी त्याचंही पोटच फार दुखत होतं गं."

इतक्या वर्षांत त्या दिवसांबद्दल तू पहिल्यांदाच बोललीस. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. शालीनं डोळे पुसून तू पुन्हा वाकलीस. "केवढीशी आहे! सकाळपासून काही खाल्लंय का हिनं?" मला हसू फुटलं, मग तुलाही. निघताना म्हणालीस, "कर तू हे. पण नीट कर."

पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस. त्या एन्झाइमला अडवणारं, बाकी कुणाला न दुखावणारं औषध अजून माझ्या हाती आलेलं नाही. आज नव्या विद्यार्थिनीची पहिली अळी निळी झाली, तर ती ओरडलीच, "मॅम, देखिए ना!" मी पाहत राहिले. हे तेव्हा तुला माझ्याच्यानं तोंडानं सांगवलं नसतं, आताही या कागदावरच राहील: आई, मला त्या अळ्या सुंदर वाटतात.