बाबांच्या डोक्याचा सार्वजनिक खर्च

कळवा, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय राजादादा,

सप्रेम जय भीम. दिवाळीनंतर तुझ्या एकाही मेसेजला धड उत्तर दिलं नाही, माफ कर. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मी तुझ्यावर रागावले होते, आणि तो राग वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा निघाला. (ऑपरेशनच्या वेळी तू निघतो म्हणालास, तेव्हा "तुझी सोय बघ" असं तुटक बोलले, तेही त्यातच धर.) बंगळुरूला तुम्ही सगळे बरे असाल. बाबा आता उत्तम आहेत.

झालं असं. दिवाळीच्या सुमारास सोसायटीच्या पाण्याच्या मीटरच्या पेटीवर बाबांचं डोकं आपटलं. (पालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी मीटर दिसला की ते वाकतातच.) टेंगूळ आलं, बर्फ लावला, विसरलो. काही आठवड्यांनी ते एका बाजूला कलून चालू लागले, मिठाला पंखा म्हणू लागले आणि रवींद्रला "राजा" अशी हाक मारू लागले. रवींद्रने त्यांची चूक दुरुस्त केली नाही. सासऱ्यांनी त्याला इतक्या मायेने कधी हाक मारली नव्हती. शहाडहून कांताआत्या आली, बघताक्षणी म्हणाली, "मृणाल, हे दुखणं नाही गं. लेकाची ओढ आहे. आणि लेक बसलाय तिकडे एसीत." मला ते पटलं. (का पटलं, यावर रोजनिशीत पानं भरलीत, तुला पाठवणार नाही.) उपचार म्हणून आम्ही बाबांना सकाळ-संध्याकाळ तुझे फोटो दाखवले. ते डावा पाय ओढू लागले, तर आत्या म्हणाली, पायसुद्धा बंगळुरूकडेच ओढ घेतोय. मी खरंच नकाशा काढून दिशा पाहिली. शेवटी त्यांनी चहा कपाच्या शेजारी ओतला, तेव्हा सरकारी हॉस्पिटल गाठलं.

ओढ नव्हती. कवटी आणि मेंदूच्या मधे रक्त हळूहळू झिरपत साचलं होतं. हृदयासाठीच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीने त्याला हातभार लावला. योजनेतून फुकटात ऑपरेशन झालं: कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढलं आणि दुसऱ्या दिवशी मीठ पुन्हा मीठ झालं. राउंडला डॉक्टर क्षिप्रा विद्यार्थ्यांना सांगत होत्या, की माणसं जास्त जगतायत, या गोळ्या घेणारे वाढतायत, तेव्हा अशी ऑपरेशनं आणि सरकारवरचा त्यांचा भार वाढतच जाणार. बाबा पट्टी बांधल्या डोक्याने खात्याची मीटिंग असावी तसे ऐकत होते. मग विचारलं, "मॅडम, दोन भोकं का? एकात भागलं नसतं?"

तेव्हापासून ते स्वतःला सार्वजनिक मालमत्ता समजतात. घरात टोपी घालून फिरतात आणि सोसायटीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला थांबवून विचारतात, "अलीकडे डोकं आपटलंय का?" बर्वेकाका हल्ली आमचा जिना टाळतात.

तुझी,
मृणाल

ता.क. खरं काम हे. रक्त पुन्हा साचू शकतं, म्हणून शनिवारी दुसरा स्कॅन आहे, आणि बाबा जात नाहीत. "डोकं चालतंय, मग मशीन कशाला चालवायचं? जनतेचा पैसा आहे." मी म्हटलं, गळती लवकर सापडली तर दुरुस्ती स्वस्तात होते, हे तुम्हीच शिकवलंत. तर म्हणाले, "तू माझी मुलगी आहेस, मायेपोटी बोलतेस, तुझं मत धरता येत नाही. राजाला हिशेब कळतो." तू त्यांचा मुलगा असूनही तुझं मत कसं धरता येतं, हे विचारायचं मी टाळलं. फोनवर ते ऐकणार नाहीत.

ता.क. २. घरी सोडताना डॉक्टरांनी वार, गाव, सगळं विचारून डोकं पूर्ण ताळ्यावर असल्याचं सांगितलं. त्यावर बाबांचं पहिलं वाक्य: "राजा कधी येतोय?" हे लक्षण उरलंय का, असं मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं. नाही म्हणाल्या. तेव्हा वरची माफी परत घ्यावी का, याचा विचार चालू आहे.

उद्या: तुझी गादी उन्हात टाकणे.