टाकलेलीनं आणलेलं पाणी

इंचोन, कोरिया
९ मार्च २०२५

ती. बाबांस,
वैभवचा शि. सा. न.

फोन काहून ठेवला? ताईचं नाव काढलं की तुम्ही फोनच ठेवता. म्हणून पत्र लिहून राहिलो, हे मधातच कापता येत नाही. सोबतीले कोणी नाही म्हणून गुडघ्याचं ऑपरेशन टाळून राहिले, आन् तिथं नागपुरातच, प्रताप नगरात सख्खी पोरगी बसली आहे. तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं, एवढाच ना गुन्हा?

बरं, एक नवल सांगतो. आमच्या कंपनीच्या मालकाची आई वारली. तिच्यासाठी इथल्या अंगात येणाऱ्या बाईनं दिवसभर गाणं म्हटलं. मेसवाल्या मावशीनं मले अर्थ सांगितला. या बायांची मूळ बाई म्हणजे एक राजकन्या. सातवीही पोरगीच झाली म्हणून राजानं तिले फेकून दिलं. तिचं नावच टाकलेली! मंग राजा मरणाले टेकला. औषधाचं पाणी मेलेल्यांच्या मुलुखात. बाकीच्या सहाही पोरी नाही म्हणाल्या, हीच गेली. तिथल्या राखणदाराच्या घरी लाकडं फोडली, त्याची पोरं वाढवली, तवा पाणी भेटलं.

शेवटी त्या गाणाऱ्या बाईनं लांब पांढरं कापड ताणून धरायले लावलं आन् छातीनं फाडत मधून चालत गेली. मेलेल्याची वाट मोकळी होते म्हणे. आपण कोष्टी, विणणारे; मी पुढं सरकून कापडच पाहत राहिलो.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमचा वैभव

तांडापेठ, नागपूर
२ एप्रिल २०२५

चि. वैभवले अनेक आशीर्वाद.

पोट्ट्या, बापाले शिकवतो का गा? सोबतीशिवाय ऑपरेशन करत नाही म्हणते दवाखाना, तर राहू दे. भिंत धरून चालतो, भागते माहं.

कापड सुती होतं का? ताण्यासोबत, उभ्या धाग्यानं फाडलं असंल तर कोणीही फाडंल. आडवं फाडून दाखव म्हणा त्या बाईले.

पण तू गोष्ट अर्ध्यातच सोडली. पोरगी पाणी घेऊन आली तवा बाप काय म्हणाला? ती थांबली का, का पाणी देऊन निंगून गेली? उगीच विचारून राहिलो. लवकर कळव.

जेवत जा.
तुझा बाप, भैयाजी

इंचोन
२० एप्रिल २०२५

ती. बाबांस शि. सा. न.

कापड सुतीच. ताण्यासोबतच फाडलं, आन् आधी कैचीनं चीर देते, ते मी पाहिलं!

तुमचं मावशीले विचारलं. राजा उठून बसला, अर्धं राज्य देतो म्हणाला. तिनं घेतलं नाही. मेलेल्यांले वाट दाखवायचं काम मागून घेतलं, म्हणून या बायांची ती पहिली. मी विचारलं, राजा चुकलो म्हणाला का? मावशी हासली. म्हणे, ते गाणारीवर आहे, कोणी गाते, कोणी गात नाही.

बाबा, आपल्यापाशी राज्य नाही, माग होता तो भंगारात गेला. ताई काही मागतही नाही. तिच्याशी बोललो मी. म्हणे, बाबांनी स्वतः हाक मारली तर त्याच दिवशी येते, दवाखान्यात बाकड्यावर झोपते. नंबर मागं लिहिला आहे. पुढचं तुम्ही गा.

लोभ दोघांवरही सारखा ठेवा.
तुमचा वैभव

ता. क. दर महिन्याचे तुमचे पंधरा हजार, आन् प्रताप नगरहून घरापर्यंतच्या ऑटोचे वेगळे, ते ताईच्या हातात तुम्हीच द्या. पाठवून राहिलो पंधरा हजार दोनशे रुपये.